ऑटोक्लेव्ह की ग्लुटरालडिहाइड?

वाघोलीत लहान रुग्णालय सुरू करू पाहणाऱ्या एका डॉक्टरांपुढे प्रश्न आहे, की शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) घ्यावा, की २ टक्के ग्लुटरालडिहाइड या जंतुनाशक रसायनाच्या द्रावणावर भागवावे.

खात्रीचा निकष सर्वांत महत्त्वाचा. वेष्टनात गुंडाळलेल्या उपकरणांना साध्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालील वाफ सुमारे ३० मिनिटे मिळाली, तर जिवाणूंचे चिवट बीजाणूही (कठीण कवचातील सुप्त रूपे) नष्ट होतात आणि रंग बदलणारी निदर्शक पट्टी व बीजाणू चाचणीने ते पडताळता येते. द्रावणात मात्र २० मिनिटांत बहुतेक जंतू मरतात, बीजाणू नव्हे. त्यांच्यासाठी सुमारे १० तास लागतात, नंतर उपकरण निर्जंतुक पाण्याने धुवावे लागते आणि ते वेष्टनात जपून ठेवता येत नाही. ‘बुडवले म्हणजे झाले’ हा समज धोक्याचा आहे.

खर्चात द्रावण सुरुवातीला स्वस्त. परंतु नेहमीचे द्रावण सक्रिय केल्यावर साधारण १४ दिवसांत टाकावे लागते आणि त्याच्या वाफेने परिचारिकांचे डोळे व घसा चुरचुरतो, म्हणून खोलीत हवा खेळती हवी. ऑटोक्लेव्हला वीज लागते, आणि टँकरच्या वा बोअरच्या जड पाण्याने त्यात क्षार साचतात, तेव्हा डिस्टिल्ड पाणीच वापरावे. आधीची घासून स्वच्छता दोन्हींत अटळ आहे.

धातूची उपकरणे आणि कापड यांसाठी ऑटोक्लेव्हच घ्यावा. उष्णता न सोसणाऱ्या लवचीक एंडोस्कोपसाठी (शरीराच्या आत पाहण्याची नळी) द्रावण योग्य ठरते.