आबांचं आभा खातं: दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, आभा खातं काढलं. आभा म्हणजे आजारपणाचे कागद फोनवरून एकत्र जोडणारं सरकारी खातं. आता आषाढ लागलाय. या दहा महिन्यांत चार डॉक्टर, दोन लॅब आणि मिरजेचं एक हॉस्पिटल यांच्यात आबांचे बरेच कागद फोनवरून फिरले, काही अडकलेच. घरात वय झालेलं आणि एकापेक्षा जास्त डॉक्टरांकडं जाणारं माणूस असेल, तर तुम्हाला उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आबा ७३ वर्षांचे. वीस वर्षांची शुगर, ब्लड प्रेशर, हृदयात एक स्टेंट, आणि गेल्या तीन वर्षांपासून किडनी थोडी अशक्त. आम्ही कोल्हापूरचे. मंगळवार पेठेतले फॅमिली डॉक्टर तीस वर्षांपासूनचे. किडनीचे डॉक्टर राजारामपुरीत, डोळ्यांचे शाहूपुरीत, हृदयाचं मिरजेला. चौघांचाही पहिला प्रश्न एकच, "जुने रिपोर्ट आणलेत का?" मग साडीच्या दुकानाची ती जाड प्लास्टिकची पिशवी मांडीवर उपडी करायची आणि मागं ताटकळलेल्या पेशंटांच्या नजरा सोसत नेमका कागद शोधायचा.

त्या पिशवीचंही एक दुःख आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही शुक्रवार पेठेत राहत होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धान्य माळ्यावर नेलं, दागिने नेले, पोरांची दप्तरं नेली. फायली खालच्या ट्रंकेत राहिल्या. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर अँजिओग्राफीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, पंधरा वर्षांच्या शुगरच्या चिठ्ठ्या, सगळ्याचा लगदा. पुढं आम्ही त्या हॉस्पिटलकडं प्रती मागितल्या, पण मुदत उलटून गेली होती. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणं भरती पेशंटचे कागद डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं सांभाळायचे असतात, आणि मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. हा ७२ तासांचा हक्क फार जणांना माहीत नसतो. डिस्चार्ज मिळाला की त्याच आठवड्यात सगळ्या कागदांची प्रत मागून घ्या, तीन वर्षांची वाट बघू नका.

तर आभा. हे १४ अंकी खातं आहे, आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधलं. मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ ला. खातं ऐच्छिक आहे, फुकट आहे. लोकांचा मोठा गोंधळ होतो तो इथं. आमच्या गल्लीत मी आभाचं नाव काढलं की "पाच लाखांचं कार्ड ना?" असं विचारतात. नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचाराचं आयुष्मान कार्ड वेगळं, आणि सत्तरीपुढच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आलेलं वय वंदना कार्डही त्याच उपचाराच्या योजनेतलं. आभातून एक रुपयाही मिळत नाही. आभा म्हणजे फक्त तुमच्या आजारपणाच्या कागदांना लावलेला एक धागा.

खातं काढायला आधारला जोडलेला मोबाईल लागला, कारण ओटीपी तिथं येतो. आबांच्या आधारला चार वर्षांपूर्वी हरवलेलं सिम जोडलेलं. ते बदलून घेण्यात आठ-दहा दिवस गेले. त्यानंतर खातं पाच मिनिटांत निघालं.

खरी कसोटी पुढं होती. नुसतं खातं काढून कागद आपोआप गोळा होत नाहीत. दवाखान्यानं किंवा लॅबनं स्वतः या यंत्रणेत नाव नोंदवलेलं हवं, त्यांचं सॉफ्टवेअर जोडलेलं हवं, आणि नोंदणी करताना त्यांनी तुमचा आभा पत्ता, म्हणजे खात्याची ई-मेलसारखी ओळख, घ्यायला हवा. जुन्या भेटी जोडायच्या असतील तर नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाईल जुळावे लागतात. इथं आमची दमछाक झाली. एका ठिकाणी आबांचं घरातलं नाव लिहिलेलं, दुसऱ्या ठिकाणी जन्मवर्ष दोन वर्षांनी चुकलेलं, तिसऱ्या ठिकाणी माझ्या भावाचा नंबर, कारण त्या दिवशी तो सोबत गेला होता. प्रत्येक काउंटरवर जाऊन "आधारप्रमाणं दुरुस्त करा" म्हणून विनंती केली. दोन ठिकाणी लगेच केलं. तिसऱ्या ठिकाणी तिसऱ्या खेपेला झालं.

ते जुळल्यावर मात्र लॅबचे रिपोर्ट सुखानं यायला लागले. सकाळी रक्त दिलं की संध्याकाळी फोनवर सूचना, रिपोर्ट खात्याला जोडला गेलेला. बहुतेक रिपोर्ट पीडीएफच आले. म्हणजे आकडे एकाखाली एक लागून आलेख दिसावा, ही माझी अपेक्षा पुरी झाली नाही. क्रिएटिनिनचे आकडे (रक्तातला हा आकडा वाढला की किडनी थकली समजायचं) मी अजून वहीतच उतरवते. पण मूळ रिपोर्ट हरवत नाही, आणि रंग उडालेल्या झेरॉक्सवर १.३ आहे की १.८ यावरून वाद होत नाही. ही गोष्ट लहान नाही.

परवानगीबद्दल मात्र मला जरा थांबून सांगायचंय, कारण बहुतेक लोक त्या पायरीला कंटाळतात आणि मला तीच सगळ्यांत मोलाची वाटली. कागद दिल्लीत कुठल्या एका कपाटात जाऊन पडत नाहीत. ज्या लॅबनं काढला त्या लॅबकडं, ज्या हॉस्पिटलनं लिहिला त्या हॉस्पिटलकडंच ते राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना बघायचे असतील तर त्यांच्याकडून विनंती येते. कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या प्रकारचे कागद, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे आणि ही परवानगी कधी संपणार, एवढं सगळं पडद्यावर दिसतं. त्यातलं काही काढून टाकता येतं, तारखा कमी करता येतात, नंतर परवानगी मागंही घेता येते.

पहिली विनंती आली तेव्हा मी सवयीनं आबांचा फोन घेऊन परवानगी द्यायला गेले. आबा म्हणाले, "थांब पोरी. वाच आधी, काय मागाय लागलेत ते." मी वाचून दाखवलं. त्यांनी दोन वेळा विचारलं की २०२२ मधले कागद डोळ्याच्या डॉक्टरांना कशाला हवेत. त्या वर्षी आई गेली, आणि आबा काही महिने झोपेच्या गोळ्या घेत होते. हे कागद खात्यात आहेत हे त्यांच्या लक्षात होतं, माझ्या नव्हतं. आम्ही तारीख पुढं सरकवली, फक्त गेल्या दीड वर्षाचे कागद दिले. "आपल्याला इचारून दाखवत्यात म्हंजे बरं हाय की," एवढंच आबा बोलले. पण आजारी पडल्यापासून माझ्यामागं मुकाट चालणारा माणूस त्या दिवशी काउंटरवर स्वतः बोलला.

आता फायदा कुठं झाला ते सांगते. जानेवारीत आबांचा गुडघा धरला. हाडांच्या एका नव्या डॉक्टरांकडं गेलो. पिशवी घरी राहिली होती. त्यांच्याकडं ही सोय होती, विनंती पाठवली, आबांनी परवानगी दिली, आणि डॉक्टरांनी गेल्या तीन क्रिएटिनिनचे रिपोर्ट उघडले. १.४, १.९, १.६. लिहायला घेतलेली दुखण्याची गोळी त्यांनी तिथल्या तिथं खोडली. म्हणाले, "किडनीला झेपणार नाही ही. पॅरासिटामॉलवर भागवू, शेक द्या, व्यायाम शिकवतो." आधी एकदा अशाच दुखण्याच्या गोळ्यांनी आबांचं क्रिएटिनिन १.९ वर गेलेलं, तेव्हा राजारामपुरीचे डॉक्टर आमच्यावर चिडले होते. त्यांचं चिडणं बरोबर होतं. पण गोळी देणाऱ्याला किडनीचं ठाऊक नव्हतं, आणि आम्हाला गोळीचं. ती फट त्या दिवशी बुजली. एवढ्या एका प्रसंगासाठी मी आधारच्या रांगेतले आठ-दहा दिवस पुन्हा घालवीन.

आणि फसलं कुठं, तेही तितकंच नीट सांगायला हवं.

मार्चमध्ये मिरजेला हृदयाची तपासणी झाली. तिथल्या नव्या डॉक्टरांनी मागचं सगळं मागवलं, वाचलं, मनापासून वाचलं. स्टेंट आहे, शुगर आहे, तरी रॅमिप्रिल ही ब्लड प्रेशरची, हृदयाला जपणारी गोळी का नाही, असं त्यांना वाटलं असणार. आबांची चालू असलेली ब्लड प्रेशरची गोळी टेल्मिसार्टन बंद करून त्यांनी रॅमिप्रिल सुरू केली. दहा दिवसांत आबांना कोरडा खोकला लागला. रात्रभर उठून बसायचे. आम्ही खोकल्याची दोन औषधं केली, वाफ दिली, छातीचा एक्स-रे काढला. एक्स-रे स्वच्छ. तीन आठवडे असे गेले. शेवटी मंगळवार पेठेत गेलो. डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं आणि म्हणाले, "अहो आबा, ही तीच गोळी! पाच वर्षांपूर्वी याच खोकल्यासाठी मी बंद केली होती." त्यांनी खोक्यातून केस पेपर काढून दाखवला. त्यांच्या बारीक अक्षरात तारीख आणि शेजारी लिहिलेलं, "खोकला, बंद, टेल्मि. ४०". या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना असा कोरडा खोकला येतो, ही डॉक्टरमंडळींना नेहमीची गोष्ट. मिरजेच्या डॉक्टरांना ती माहीत नव्हती असं मुळीच नाही. आबांना ती एकदा होऊन गेली आहे, हे त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. मिरजेला फोन केला, गोळी बदलली, आठवडाभरात खोकला गेला.

त्या रात्री मी आबांचं खातं पहिल्यापासून चाळलं. रक्ताचे आकडे होते, हृदयाचा इको होता, डोळ्यांचे फोटो होते, डिस्चार्ज कार्ड होतं. आबांना आज कुठली गोळी चालू आहे हेही होतं. कुठली गोळी का बंद केली, हे एकाही कागदावर नव्हतं. रिपोर्ट एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात गेला, कारण गेलं नाही. ते कारण ज्या माणसाला माहीत आहे त्याच्याकडं संगणक नाही, एक लाकडी खोका आहे.

आमच्या फॅमिली डॉक्टरांना मी दोष देत नाही. एका संध्याकाळी साठ-सत्तर पेशंट, मदतीला एक कंपाउंडर, फी अजूनही शंभरच्या आत. त्यांनी प्रत्येकाचं टाइप करत बसायचं म्हटलं तर निम्मे पेशंट पावसात उभे राहतील. पण तीस वर्षांत आबांच्या शरीरानं कशाला काय उत्तर दिलं, याचा सगळ्यांत खरा इतिहास त्याच खोक्यात आहे. मोठ्या हॉस्पिटलांची सॉफ्टवेअरं एकमेकांशी बोलायला लागली याचा आनंद आहेच. पेठेतला दवाखाना या धाग्यात आला नाही, तर पेशंटची अर्धी गोष्ट बाहेरच राहते. अशा डॉक्टरांसाठी बोलून लिहिता येईल, मराठी समजेल, एका पेशंटमागं अर्ध्या मिनिटात आटपेल असं काहीतरी यायला हवं, आणि ते बसवून द्यायला, शिकवायला माणूस दारात यायला हवा.

तोवर मी एक सोपी वाट काढली आहे. एप्रिलमध्ये एका रविवारी दुपारी डॉक्टरांनी मला वेळ दिला. ते खोक्यातला एकेक केस पेपर वाचत गेले, मी लिहीत गेले. दोन तासांत एक पान झालं. वर चालू औषधं, ब्रँडचं नाव न घालता मूळ औषधाचं नाव आणि डोस. कारण एकच टेल्मिसार्टन दोन वेगवेगळ्या नावांनी दोन डॉक्टरांकडून आलेली, असंही आमच्याकडं एकदा झालं आहे. खाली बंद केलेली औषधं, प्रत्येकापुढं वर्ष आणि कारण. त्याखाली सोसत नसलेल्या गोष्टी. डॉक्टरांनी वाचून सही-शिक्का केला. त्याचा फोटो आभाच्या अॅपमध्ये चढवला, आणि आता नव्या डॉक्टरांपुढं बसलं की बाकी काही दाखवायच्या आधी ते पान दाखवते. त्याची एक प्रत लॅमिनेट करून आबांच्या खिशात असते. आबा बेशुद्ध असले तर परवानगीचा पिन कोण टाकणार, हा प्रश्न अॅपनं सुटत नाही, खिशातल्या कागदानं सुटतो.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना इतकंच सांगेन की घाई करून एकदम सगळं जोडायला जाऊ नका. आधी आधारचा मोबाईल तपासा. मग ज्या लॅबमध्ये नेहमी जाता ती एकच लॅब जोडा आणि दोन-तीन रिपोर्ट येऊ द्या. प्रत्येक काउंटरवर आधारप्रमाणं नाव आणि जन्मवर्ष सांगा, फोन नंबर पेशंटचाच द्या, सोबत आलेल्याचा नको. परवानगीची मुदत कमी ठेवा, पुढच्या भेटीला परत देता येते. आणि पिन पेशंटला पाठ हवा. आमच्याकडं तो फक्त आबांना ठाऊक आहे, मला त्यांनी सांगितलेला नाही.

गेल्या सोमवारी राजारामपुरीत गेलो होतो. किडनीच्या डॉक्टरांनी शुगरची एक गोळी निम्मी केली. चिठ्ठी हातात घेऊन आम्ही उठलो, तर आबा दारातून परत फिरले आणि म्हणाले, "डॉक्टर, निम्मी का केली तेवढं त्यावर लिवा की." डॉक्टरांनी आबांकडं बघितलं, पेन काढलं आणि गोळीच्या नावापुढं किडनीचा आकडा आणि तारीख लिहिली. बाहेर धो धो पाऊस होता. चिठ्ठी भिजायच्या आत आम्ही जिन्यातच तिचा फोटो काढला.