खोक्यातले नारळाचे दूध आणि मासळीची मोली : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नारळी पौर्णिमेनंतर आमच्या घरी दर दुसऱ्या रविवारी केरळी पद्धतीची मोली, म्हणजे नारळाच्या दुधातले सौम्य कालवण, होते. सुरमईचे तुकडे, सोललेली कोळंबी आणि मिळाल्याच तर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. त्यासाठी मी 200 मिलीच्या कागदी खोक्यातले नारळाचे दूध वापरायला घेतले आणि आता मे संपत आला असताना, वीसेक खोकी रिकामी केल्यावर, त्याविषयी चार गोष्टी खात्रीने लिहिता येतील असे वाटते.

कोल्हापूरकराला नारळाचे दूध नवे नाही. पांढऱ्या रश्श्यासाठी ते प्रत्येक घरात निघते आणि बिघडतेही. पहिल्याच मोलीच्या वेळी मी मोठ्या आचेवर डाव फिरवत उभा होतो, तेव्हा आई मागून म्हणाली, “गॅस बारीक कर की. उकळी फुटली की दूध फुटतंय.” ताज्या दुधाच्या बाबतीत तिचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. नारळाचे दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब असतात आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात ती नारळातील प्रथिने. साधारण 80 अंश सेल्सिअसच्या पुढे ही प्रथिने गोठू लागतात, थेंब एकत्र येतात आणि वर तेल, खाली पाणी, मध्ये पांढऱ्या कण्या असे दृश्य दिसते. पांढऱ्या रश्श्यात खसखस, तीळ आणि काजूचे वाटण त्या दुधाला बरेच सावरून धरते. मोलीत मात्र असे कोणतेच वाटण नसते, त्यामुळे तिथे दूध अगदी उघडे पडते.

खोक्यातले दूध या बाबतीत बिनघोर आहे. त्यात गवार गमसारखा घट्टपणा आणणारा पदार्थ आणि तेल-पाणी एकजीव ठेवणारे घटक घातलेले असतात. मी मुद्दाम एकदा ते दहा मिनिटे खळाखळा उकळू दिले, तरी त्यात एक कणीही दिसली नाही. कामावरून येऊन अर्ध्या तासात जेवण करायचे असेल, तर नारळ फोडणे, खवणे, वाटणे आणि पंचातून पिळणे हे सगळे वाचते, हा फायदा उघडच आहे.

मात्र याच गुणातून त्याचा दोषही निघतो. नुसत्या खोक्यातल्या दुधाची मोली सुरुवातीला छान दाट दिसते आणि ताटात थोडी निवली की बुळबुळीत लागते. तिच्यावर खोबरेल तेलाचा तो पातळ पिवळसर तवंग येत नाही, कारण तेलाला सुटायची मुभाच ठेवलेली नाही. चवीतही ताज्या नारळाचा गोडसर, किंचित गवताळ वास नसतो. तीन महिने मी मिरची, आले आणि कढीपत्ता वाढवत राहिलो. दोष तिथे नव्हताच.

डिसेंबरपासून मी मधला मार्ग धरला आहे आणि तो आता बदलण्याची इच्छा नाही. खोबरेल तेलात उभा चिरलेला कांदा, आल्याचे काप, हिरव्या मिरच्या आणि कढीपत्ता परतून अगदी चिमूटभर हळद घालतो. अर्धे खोके तेवढ्याच पाण्यात फेटून ओततो. ‘पातळ दुधा’चे काम ते करते आणि सुरमईचे तुकडे त्यातच सहा-सात मिनिटे शिजतात. कोळंबी शेवटी पडते, कारण तिला तीन मिनिटे पुरतात आणि पाचव्या मिनिटाला ती रबर होते. मग गॅस बंद करून, पातेल्यातली खळबळ थांबल्यावर, अर्ध्या नारळाचे ताजे जाड दूध ओततो आणि पातेले नुसते हाताने गोल हलवतो, डाव घालत नाही. अर्ध्या नारळाचा चव पाऊण वाटी कोमट पाण्यात मिक्सरवर फिरवून पिळायला दहा मिनिटे लागतात. ओतल्यावर मिनिटभरात कडेने बारीक बारीक सोनेरी थेंब दिसू लागतात. त्या क्षणी झाकण ठेवावे आणि पाहुण्यांना हाक मारावी.

दोन चुका कबूल करतो. पहिली आमसुलाची. मालवणी कालवणाच्या सवयीने मी ती ताज्या दुधाबरोबरच पातेल्यात टाकली आणि आच मंद असूनही दूध फुटले, कारण आंबटपणानेही तीच प्रथिने गोठतात. आता वाढताना लिंबाचे चार थेंब पिळतो, तेवढे पुरे. दुसरी चूक जानेवारीतली. सकाळी कपाटातले खोके उघडले, तर तोंडाशी मेणासारखा पांढरा गोळा आणि खाली निळसर पाणी. नासले समजून मी ते मोरीत ओतले. प्रत्यक्षात खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजते आणि आपल्याकडच्या थंडीत ते होणारच. खोके दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून जोरात हलवले की दूध पूर्ववत होते. खरोखर नासलेले खोके फुगते. असे एक मला मिळाले होते, आणि दुकानदाराने बदलून देण्यापूर्वी बराच वाद घातला.

उघडलेले खोके फ्रिजमध्ये दोन दिवस ठीक राहते, तिसऱ्या दिवशी वासात फरक जाणवतो. उरलेले दूध बर्फाच्या साच्यात गोठवूनही पाहिले. वितळल्यावर ते रवाळ होते, सोलकढीला मुळीच चालत नाही.

पावडरीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गरम पाण्यात थेट टाकली की गुठळ्या होतात आणि चव उगीच गोड लागते. माझ्या पाकिटावर दुधातील प्रथिनांचाही उल्लेख होता, म्हणून ज्यांना दुधाची ॲलर्जी आहे त्यांनी बारीक अक्षरे वाचूनच ती घ्यावी.

तिसऱ्या असतील, तर त्या वेगळ्या वाफवाव्यात, न उघडलेल्या टाकून द्याव्यात आणि सुटलेले पाणी फडक्यातून गाळून मोलीत घालावे. ते खारट असते, म्हणून मीठ त्यानंतरच. समुद्राची मासळी घाट चढून कोल्हापुरात येते, तेव्हा ताजेपणाची परीक्षा मी डोळ्यांनी नव्हे तर नाकाने करतो. जराशीही शिळी सुरमई तांबड्या, झणझणीत कालवणात लपते, या पांढऱ्या दुधात लपत नाही.

घरच्यांचे मतही नोंदवायला हवे. माझ्या मेव्हण्याने पहिल्या वेळी “हे आजाऱ्याचं जेवण आहे का?” असे विचारून वाटीत चमचाभर कांदा-लसूण चटणी कालवली होती. आता तो चटणी ताटाच्या कडेला घेतो आणि मोली दोनदा मागतो.

1 जूनपासून यांत्रिक नौकांची पावसाळी मासेमारी बंदी सुरू होईल. कपाटात तीन खोकी शिल्लक आहेत आणि त्यांपैकी एकाची मुदत जुलैमध्ये संपते, तेव्हा ते अळंबी आणि बटाट्याच्या कामी लावावे असे आईचे आणि माझे ठरले आहे.