आजोबा-पणजोबांचं पदक पडताळायचं तर आधी कुठे शोधावं: पदकाची कड, लंडन गॅझेट, लंडनमधलं क्यू अभिलेखागार की पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस?

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या कित्येक घरांत ट्रंकेच्या तळाशी चार-पाच पदकं असतात आणि घरातले त्या सगळ्यांना शौर्यपदकंच म्हणतात. शोध सुरू करण्याआधी हा गुंता सोडवावा, कारण कोणत्या दप्तरात जायचं ते यावरच ठरतं. १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल ही मोहीमपदकं, म्हणजे पराक्रमासाठी नव्हे तर युद्धातल्या नोकरीसाठी मिळालेली. वॉर मेडलला २८ दिवसांची नोकरी पुरायची. इंडिया सर्व्हिस मेडलला तीन वर्षं लागायची. इटली स्टारसाठी ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात त्या आघाडीवर असावं लागे. ही पदकं मिळालेल्यांची नावं राजपत्रात छापत नसत. त्यामुळे तिथे आजोबांचं नाव नाही म्हणून पदक खोटं, असं मुळीच नाही. व्हिक्टोरिया क्रॉस, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, आयडीएसएम (इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल), मिलिटरी क्रॉस आणि मिलिटरी मेडल ही मात्र शौर्याची. त्यांचा माग कागदावर सापडायला हवा.

पहिला पुरावा फुकट आणि घरातच असतो: पदकाची कड. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश सैन्याची मोहीमपदकं बिननावाची वाटली गेली, पण हिंदी सैन्याच्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. स्टार असेल तर पाठीमागे. तिरप्या उजेडात भिंग धरून वाचा, नाहीतर कडेवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवा. ब्रासो लावू नका, अक्षरं झिजतात. वॉर मेडलसारख्या गोल पदकाचा व्यास ३६ मिमी असतो. व्हर्नियर कॅलिपरने मोजल्यावर तो कमी भरला किंवा कड एका बाजूला बसकी वाटली, तर जुनं नाव घासून नवं घातल्याचा संशय घ्यावा. कडेवरून हे पदक कोणाच्या नावाचं हे कळतं. ते कशासाठी दिलं, हे तिथे नसतं.

त्यासाठी पुढचे दोन मार्ग आहेत, आणि लोक त्यातला चुकीचा आधी धरतात. लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, ऑनलाइन आहे, मोफत आहे, म्हणून सगळे तिथेच धावतात. पण व्हिक्टोरिया क्रॉस वगळता तिथे बहुधा नुसती यादी असते: हुद्दा, नाव, नंबर, पलटण. शिवाय छापील पानं यंत्राने वाचून शोधसूची केल्यामुळे मराठी नावांची पार मोडतोड होते. तारखेचाही घोळ होतो. यशवंत घाडगे यांचा पराक्रम इटलीतला, १० जुलै १९४४ चा. राजपत्रात तो आला नोव्हेंबरात. लढाईच्या महिन्यात शोधाल तर हाती काही लागणार नाही. त्यापुढचं किमान वर्षभर चाळा.

दुसऱ्या महायुद्धातलं शौर्यपदक असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: आधी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जची डब्ल्यूओ ३७३ ही मालिका बघा. शोध मोफत, प्रत उतरवायला शुल्क. इथे मूळ शिफारसपत्र मिळतं. वर ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर. खाली त्या दिवशी नक्की काय घडलं याचा मजकूर. मग कमांडिंग ऑफिसरपासून वरच्या सेनापतींपर्यंतच्या सह्या. एका रकान्यात कोणतं पदक सुचवलं ते असतं, शेजारी शेवटी कोणतं दिलं ते. वरचं सुचवून खालचं दिल्याचे दाखले तिथे दिसतात, आणि नातवंडांनी वाचावा असा हाच कागद. 'मेन्शन इन डिस्पॅचेस' (सेनापतीच्या अधिकृत अहवालात नावाचा उल्लेख) असेल, म्हणजे वॉर मेडलच्या फितीवर ओकचं छोटं पान असेल, तर मजकुराची फार आशा धरू नये.

शोधताना नावाआधी नंबर टाका. गणपत जाधव किंवा पांडुरंग शिंदे एकेका बटालियनमध्ये अनेक असत. नंबर नसेल तर स्पेलिंगं बदलून बघा: जाधवच्या शेवटी 'व्ही'ऐवजी 'ओ', आणि पलटणीच्या नावात एम, ए, एच, आर, ए, टी, टी, ए.

सैनिकांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणाऱ्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसचं काम वेगळं. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी. घरात शौर्यपदक नसेल, फक्त मोहीमपदकं असतील, तर सुरुवात इथूनच करा. अर्जात नंबर, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहा आणि वारस असल्याचा पुरावा जोडा. माहिती अधिकारात गेलात तर दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. 'सर्व्हिस रेकॉर्ड द्या' एवढंच लिहिलं तर 'नष्ट केले' असं उत्तर यायची शक्यता मोठी, कारण पेन्शन नसलेल्या शिपायांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. म्हणून 'लाँग रोलमधील नोंदीचा उतारा' असं नेमकं मागा. लाँग रोल म्हणजे भरती झालेल्या सगळ्यांची नोंदवही, ती कायम जपतात. भरती, सुटका आणि सुटकेचं कारण त्यातून मिळतं.

पहिल्या महायुद्धाचं काम अवघड. तेव्हाच्या इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट आणि आयडीएसएमसाठी लंडनपेक्षा गॅझेट ऑफ इंडिया महत्त्वाचं. लाहोरच्या संग्रहालयातल्या ज्या नोंदवह्या अलीकडे ऑनलाइन आल्या त्या पंजाबच्या आहेत, त्यात साताऱ्याचा शिपाई शोधू नका. पलटणीचं नावही जुनंच धरा: १०३, ११०, ११७ वगैरे मराठा पलटणी १९२२ मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेल्या, आणि १११ महार पलटण त्याआधीच मोडली होती. जंगी इनामाची (युद्धसेवेबद्दल मिळालेल्या जमिनीची किंवा पेन्शनची) सनद घरात असेल तर जपून ठेवा, पण तिला पदकाचा पुरावा समजू नका. ते वेगळं बक्षीस होतं.

एकाच नावाचे दोघे समोर आले आणि नंबरही अर्धवट असला, तर क्यूमधल्या बटालियनच्या युद्धदैनंदिन्या उपयोगी पडतात: मेसोपोटेमियासाठी डब्ल्यूओ ९५, मध्यपूर्वेसाठी १६९, इटलीसाठी १७०, ब्रह्मदेशासाठी १७२. शिपायाचं नाव त्यात क्वचितच येतं. पण शिफारसपत्रातल्या तारखेला आजोबांची बटालियन त्या टेकडीवर होती की शंभर मैल मागे विश्रांतीला, हे तिथे लिहिलेलं असतं, आणि त्याच नावाचा चुकीचा माणूस बहुतेक वेळा त्यावरूनच गळतो.