छापील गृहभेट नोंदवही: दप्तरी ठेवायला ठीक, घरी न्यायला नको

शालेय स्टेशनरीच्या दुकानात हजेरीपत्रक आणि टाचणवहीशेजारी छापील ‘गृहभेट नोंदवही’ मिळते, शिक्षक मुलांच्या घरी जाऊन आले की लिहायची. जाड पुठ्ठा, कापडी पाठ आणि नेहमीचे रकाने: दिनांक, विद्यार्थी, पालक, भेटीचे कारण, झालेली चर्चा, पालकाची सही, शेरा. केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) तपासणीला आले की पुढे करायला उत्तम. बांधणीबद्दल तक्रार नाही.

खोट आहे ती ‘भेटीचे कारण’मध्ये. रकाना रिकामा सोडवत नाही, मग ‘सतत गैरहजर’ किंवा ‘गृहपाठ अपूर्ण’ असंच काहीतरी पडतं. हळूहळू तक्रार असलेल्या पोरांचीच घरं वहीत येतात. गल्लीत सर दिसले की आई आधी पोराकडे वळते, “काय करून आलास रे?” भेट तिथेच बिघडते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत १९९८ साली सुरू झालेल्या गृहभेटींच्या पद्धतीत हे मुद्दाम टाळलंय. भेट शिक्षक आणि पालक दोघांच्याही मर्जीची, वेळ आधी ठरवलेली. शिक्षक जोडीने जातात, फक्त मागे पडलेली मुलं निवडत नाहीत आणि पहिल्या भेटीत मुलाबद्दल पालकांची काय स्वप्नं आहेत ते विचारतात. शाळेच्या वेळेबाहेरच्या या कामाचा शिक्षकांना मोबदलाही असतो. आपल्याकडे त्या नावाने बोंब, पण बाकीचं फुकट जमण्यासारखं आहे.

‘झालेली चर्चा’ हा रकाना जेमतेम तीन बोटं रुंद. त्यात ‘प्रगतीबाबत चर्चा केली’ एवढंच मावतं आणि खाली पानभर तेच ‘वरीलप्रमाणे’. सहीचा रकाना त्याहून वाईट. गप्पा रंगात आल्या असताना वही पुढे केली की आई पदर सावरून म्हणते, “सहीचं ह्यांना आल्यावर बघा.” कर्जाच्या कागदांवर अंगठे देऊन पोळलेल्या घरात तर विचारूच नये.

घेतलीच असेल तर ‘कारण’वर कागदाची पट्टी चिकटवा आणि लिहा: ‘घरचे मुलाबद्दल काय सांगतात’. एका मुलाला एक ओळ नव्हे, अर्धं पान द्या. वही घरात उघडू नका. परतल्यावर त्याच संध्याकाळी बरोबर आलेल्या शिक्षकासोबत बसून लिहा, दुसऱ्या दिवशी निम्मं विसरायला होतं. भेटीला अर्धा तास पुरे. चहा आला तर नाही म्हणू नका, अर्धा कप मागा.

जिथून घरं ऊसतोडीला बाहेर जातात अशा गावांत पहिली फेरी दसऱ्याआधी उरका. दिवाळीनंतर बऱ्याच दारांना कुलूप असतं. मूल आईबापाबरोबर जाणार की आजीपाशी राहणार, हे त्या फेरीतच कळतं आणि हंगामी वसतिगृहाची (मागे राहणाऱ्या मुलांची तेवढ्या महिन्यांची सोय) यादी करायला तेच लागतं. नोंदवहीत यासाठी रकाना नाही. शेवटच्या ‘शेरा’मध्ये घुसवावं लागतं.