पोकर टुर्नामेंट सरावाचं ॲप : पोझिशन मस्त शिकवतं, बबलचं अर्धंच

आधी चांगलं सांगतो. पोझिशनचा, म्हणजे टेबलावर आपली खेळायची पाळी कितवी याचा भाग एकदम भारी आहे, म्हणजे तोच ए-टेन ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांचे एक्का नि दहा) पहिल्या सीटवरून (जिथे सगळ्यात आधी बोलावं लागतं) फेकायला लावतं आणि बटनवर (डीलरच्या जागी) आलो की रेज मारायला, म्हणजे पैज वाढवायला सांगतं, आणि का ते पण दाखवतं, मागे आठ जण बाकी आहेत की फक्त दोन ब्लाइंड्स (पत्ते बघण्याआधीच सक्तीची पैज लावणारे दोघे), वर फ्लॉपनंतर (टेबलावर पहिले तीन पत्ते उघडल्यावर) बटनवाला सगळ्यात शेवटी बोलणार. हे डोक्यात बसतं राव.

बक्षिसाच्या प्रेशरचं, म्हणजे आयसीएमचं (चिप्सवरून बक्षिसातला वाटा काढायच्या हिशेबाचं) उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. तिघं उरलेत, चिप्स ५०००, ३०००, २०००, बक्षिसं ५०-३०-२० टक्के. निम्म्या चिप्स ज्याच्याकडे त्याचा वाटा ५० नाही, जेमतेम ३८.४ टक्के येतो! म्हणजे जिंकलेल्या चिप्सपेक्षा गमावलेल्या चिप्स महाग पडतात. म्हणून बबलवर (अजून एक जण बाहेर पडला की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस, अशा वेळी) मधल्या स्टॅकवाल्याने, म्हणजे मध्यम चिप्सवाल्याने, मोठ्या स्टॅकच्या ऑल-इनला (सगळ्या चिप्स लावल्यावर) कॉल करताना हात टाइट ठेवायचा, फक्त चांगल्या पत्त्यांवरच कॉल करायचा, विशेषतः कोणी दोन-तीन ब्लाइंड्सएवढ्याच चिप्सवर तग धरून असेल तर.

पण गोची इथेच आहे. कॅल्क्युलेटर फक्त स्टॅक बघतो, पुढच्या हाताला बिग ब्लाइंड (दोन सक्तीच्या पैजांपैकी मोठी) कोणावर येणार हे त्याच्या गावीच नाही. दोन ब्लाइंड्स उरलेला माणूस बटनवर असला काय नि पहिल्या सीटवर (म्हणजे पुढचा बिग ब्लाइंड त्याच्यावरच) असला काय, उत्तर तेच देतो, आणि हे कुठे लिहिलेलंही नाही. पोझिशन एवढी शिकवून इथेच विसरले! फुकटवाल्या भागात पोझिशनचं सगळं मिळतं, पैसे भरायची घाई नको. मोबाइलवर आकडे फार बारीक दिसतात, लॅपटॉपवरच वापरा.