फिशसेफ: समुद्रतळावरील धोक्याची वेळेवर सूचना देणारी सेवा

उत्तर समुद्रातल्या तांडेलाला तेलाचा प्लॅटफॉर्म दुरूनच दिसतो. त्याला खरी भीती असते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूंची: तळावरच्या विहिरींच्या मुखांची आणि वाळूत अर्धवट रुतलेल्या नळवाहिन्यांची. ब्रिटनमधील 'फिशसेफ' ही सेवा याच वस्तूंसाठी आहे, आणि तिची गरज किती खरी आहे हे मार्च १९९७ मध्ये वेस्टहेवन या स्कॉटिश ट्रॉलरवर जे घडले त्यावरून कळते. खालची वाळू वाहून गेल्याने तळापासून सुटलेल्या नळवाहिनीत ट्रॉलरची जाळे ओढण्याची सामग्री अडकली, तो बुडाला आणि त्यावरचे चारही जण गेले.

तेल उद्योग आणि मच्छीमारांच्या संघटना यांनी मिळून ही सेवा उभी केली. सुकाणूघरात बसवायचे यंत्र होडीची जागा जीपीएसवरून ओळखते आणि एखादी रचना जवळ आली की पडद्यावर व आवाजाने इशारा देते. ज्यांच्याकडे स्वतःचा प्लॉटर, म्हणजे होडीची जागा नकाशावर दाखवणारे यंत्र, आहे त्यांना हीच माहिती 'किंगफिशर' या माहिती सेवेकडून विनामूल्य मिळते, शिवाय चालू कामांची सूचना देणारे पाक्षिक पत्रकही येते. जाळ्याला पैसे पडतात, इंधनाला पडतात. निदान जीव वाचवणाऱ्या माहितीला ते पडू नयेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा असतो आणि त्यात शिरण्यास कायद्याने मनाई असते. नळवाहिन्यांना मात्र सहसा असा पट्टा नसतो, म्हणून तिथे तांडेलाचा सगळा भरवसा नकाशावर आणि इशाऱ्यावर राहतो. नेमक्या याच ठिकाणी सेवेच्या मर्यादाही जाणवतात. यंत्राला कळते ती होडीची जागा. जाळे आणि त्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या जड फळ्या कितीतरी मागे, तळाशी ओढल्या जात असतात, त्यामुळे होडी धोक्यापासून पुढे गेली म्हणजे जाळेही सुटले असे होत नाही. तसेच नळवाहिनीचे तळापासून सुटलेले भाग नोंदले जात असले, तरी वाळू सतत सरकत असल्याने दोन पाहण्यांच्या मधल्या काळात नवा भाग उघडा पडू शकतो. म्हणून इशारा वाजला नाही याचा अर्थ खाली काही नाही, असा कुणीही घेऊ नये. जाळे अडकलेच तर ते ओढून सोडवण्याच्या भरीस न पडता तटरक्षक दलाला कळवावे. जाळे पुन्हा घेता येते.

ही सेवा पाहताना मुंबई हायचा विचार टाळता येत नाही. १९७४ मध्ये तिथे तेल सापडले, नळवाहिन्या उरणपर्यंत आल्या, आणि प्लॅटफॉर्मच्या पायांभोवती मासळी जमत असल्याने त्या बाजूला जाण्याचा मोह आपल्या होड्यांनाही होतो. तिथल्या रचनांच्या आणि नळवाहिन्यांच्या जागा मराठीत व गुजरातीत, मोबाइलवर चालणाऱ्या नकाशात आणि विनामूल्य मिळाल्या पाहिजेत, आणि तो नकाशा तयार करताना सुरुवातीपासून तांडेलांना सोबत घेतले पाहिजे.