चौमहल्ल्यातल्या बग्ग्या : सोबत सुतार असेल तर जास्त मजा

आपल्या उदगीरकडची माणसं हैदराबादला दवाखान्यासाठी जातात, नाहीतर बस्ता बांधायला. वेळ उरला तर चारमिनार. तिथून लाड बाजारातल्या लाखेच्या बांगड्यांच्या दुकानांमधून दहा मिनिटं चाललं की निजामांचा चौमहल्ला राजवाडा लागतो, पण तिथवर फार कमी जण जातात. गेलेच तर खिलवत दरबारातल्या बेल्जियमच्या झुंबरांखाली फोटो काढून परततात. झुंबरं छानच आहेत, वाद नाही. पण मला सांगायचंय ते त्याच आवारात ठेवलेल्या निजामांच्या बग्ग्यांबद्दल.

आधी वाराचं बघा. शुक्रवार नको. चौमहल्ला शुक्रवारी बंद, सालारजंग संग्रहालय बंद, पुरानी हवेलीतलं निजामांचं संग्रहालयही बंद. एरवी चौमहल्ला सकाळी दहा ते संध्याकाळी पाच उघडा असतो. रविवारी जुन्या शहरात रिक्षापेक्षा पायी माणूस लवकर पोचतो, म्हणून मधला वार धरा आणि दहालाच दारात उभे राहा. एसटीने बिदरमार्गे गेलात तर इमलीबन बसस्थानकावर उतरायचं. तिथून चारमिनार जवळ आहे, फक्त रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. आमच्या रिक्षावाल्याने ‘शॉर्टकट’ म्हणत आधी एका मोत्यांच्या दुकानासमोर नेऊन उभं केलं. आप्पा खाली उतरायलाच तयार नव्हते, म्हणून सुटलो.

आप्पा म्हणजे माझे वडील. सुतार. उभी हयात बैलगाड्या घडवण्यात गेली. आता रबरी टायरच्या गाड्या आल्या नि ते काम बंद पडलं. त्यांना महालबिहाल बघण्यात रस नव्हता. पहिल्या चौकातल्या हौदाच्या कडेला बसून ‘तू ये बघून’ म्हणाले. पुढे बग्ग्या आहेत म्हटल्यावर मात्र उठले.

बग्गी बघायची कशी, ते मला त्या दिवशी कळलं. माणसं गादी, दिवे, रंग बघतात. आप्पा थेट चाकापाशी. पुढची चाकं लहान, मागची मोठी. मी म्हटलं, शोभेसाठी असेल. ‘शोभंला कशाला? वळताना पुढचं चाक पेटीखाली शिरायला नको का?’ पेटी म्हणजे माणसं बसतात तो डबा. बैलगाडीला दोनच चाकं, ती बैलांबरोबर फिरते. चार चाकांच्या गाडीला पुढचा आखच, म्हणजे चाकं बसवलेला दांडाच, वळवावा लागतो. चाक मोठं असेल तर ते पेटीला घासणार. मग त्यांनी आरे, म्हणजे चाकातले दांडे, दाखवले. समोरून सरळ वाटतात, पण बाजूने वाकून बघितलं की तुंब्यापासून, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्यापासून, बाहेरच्या अंगाला किंचित झुकलेले दिसतात, चाक बशीसारखं पसरट. वळणावर, खड्ड्यात बाजूचा रेटा येतो तो असं चाक पेलतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कमानींपाशी, म्हणजे स्प्रिंगांपाशी. लोखंडी पाट्यांच्या या लंबगोल कमानींचं पेटंट ओबादाया इलियट नावाच्या इंग्रज कारागिराने 1804 मध्ये घेतलं. आप्पांना ते मी मोबाइलवर वाचून दाखवलं. आधी ते म्हणाले, हे सगळं आत बसणाऱ्याच्या सुखासाठी, जनावराला काय त्याचं. थोडं थांबून स्वतःच म्हणाले, ‘न्हाई गं, धक्का कमान खाती, म्हणून चाक हलकं करता येतंय.’ आपल्या बैलगाडीत साटा, म्हणजे गाडीचा सांगाडा, आखावरच बसलेला, प्रत्येक दणका चाकाला. म्हणून तुंबा जाड, आरे जाड आणि वरून धाव, म्हणजे लोखंडी पट्टा. गोवऱ्यांच्या आगीत लाल केलेली धाव चाकावर चढवून वर पाणी ओतायचं, ती आवळली की सगळे सांधे गच्च, हे मी लहानपणी अंगणात बघितलंय. हे काम माहीत असलेलं माणूस घरात असेल तर त्याला सोबत न्याच. नसेल तर निदान चाकाच्या उंचीला खाली बसून बघा.

जवळच पिवळी रोल्स रॉइस आहे, 1912 ची. सहाव्या निजामाने, महबूब अली खानाने, मागवलेली. तो 1911 मध्येच गेला, गाडी आली सातव्याच्या, उस्मान अलीच्या राज्यात. तिच्यासमोर पोरांची झुंबड असते. बग्ग्यांसमोर मोकळं असतं, ते आपल्या पथ्यावर.

आता आपल्याकडच्या माणसाला हे सगळं बघताना जे वाटतं, ते वाटणारच. उदगीर तेव्हा निजामाच्या बिदर जिल्ह्यात. या घोड्यांचा चारा आपल्या शेतसाऱ्यातूनही आला असणार. आमच्याकडे 17 सप्टेंबरला झेंडा लागतो तो यांच्या राज्यातून सुटल्याचा. मी त्यामुळे जाऊ नका म्हणणार नाही, उलट जाच म्हणेन. आणि एक गंमत : हा महाल उभारायला सुरुवात झाली ती सलाबतजंगाच्या काळात. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला हरवलं, तेव्हाचा निजाम हाच. बांधकाम पुरं झालं ते थेट अफजलउद्दौलाच्या वेळी, 1857 नंतर. अफजल, महताब, तहनियत आणि आफताब या चार महालांवरून चौमहल्ला. डागडुजी इतकी नेटकी झालीय की 2010 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

अडीच-तीन तास हाताशी ठेवा. आवार मोठं, चौकातलं ऊन कडक, गुडघे दुखणाऱ्यांना मध्येमध्ये बसवा. चैत्र-वैशाखात तर टाळाच. पाच वर्षांखालची पोरं रोल्स रॉइसनंतर कंटाळतात.

मला विचाराल तर पाचपैकी चार. अर्धा गुण उन्हाचा कापला, अर्धा चपलांचा, कारण माझ्या नव्या होत्या. आप्पांनी गुण दिले नाहीत. पुढच्या खेपेला मोजपट्टी घेऊन येतो म्हणाले. बग्ग्यांना हात लावून देत नाहीत हे मी त्यांना अजून नीट पटवलेलं नाही.